अगदी रेकॉर्डसारखं

गणपतीच्या दिवसांत आण्णा पहाटे तीन-साडेतीनला घरी यायचे. ट्रम्पेटची पेटी दाराआड ठेवायचे, पायावर पाणी घ्यायचे. आई झोपेतूनच विचारायची, "कसं झालं?" कार्यक्रम रंगला असेल तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "लोक म्हणत होते, अगदी रेकॉर्डसारखं." आमच्या घरात याहून मोठं कौतुक नव्हतं.

आण्णा दिवसा पतपेढीत कारकून होते. मिरज, सांगली, जयसिंगपूर, पार निपाणीपर्यंत त्यांचा ऑर्केस्ट्रा जायचा. बारा माणसं, एक अकॉर्डियन, बाँगो-काँगो, दोन सॅक्सोफोन, आण्णांचा ट्रम्पेट आणि मुकेश, रफी, किशोर यांचे आवाज काढणारे तीन गायक. ट्रम्पेट ते शिकले मिरजेच्या रेल्वे कॉलनीतल्या एका गोवेकर मास्तरांकडं. मिरज जंक्शन असल्यामुळं लोंढ्याकडून गोव्याला जाणारी-येणारी माणसं आमच्या गावात बरीच. मास्तरांनी त्यांना पाच रेघांचं नोटेशन शिकवलं आणि ओठ कसे धरायचे ते शिकवलं. बाकी सगळं त्यांनी तबकडीकडून घेतलं.

ते घेणं मी रोज बघायची. जुलै लागला की एचएमव्हीचा छोटा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर खाटेवर यायचा. सुई टेकवायची, चार-पाच सेकंद ऐकायचं, उचलायची. वहीत लिहायचं, वाजवायचं, पुन्हा सुई मागं. 'अलबेला'तल्या 'दीवाना परवाना'चा पीस त्यांनी अशा किती वेळा ऐकला असेल देव जाणे. तबकडीचा तेवढाच पट्टा झिजून पांढुरका झाला होता. ओठावर गोल लाल वण उठायचा आणि जेवताना आमटी झोंबली की ते डोळे मिटून घ्यायचे.

मी कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना एकदा त्यांना म्हणाले, "आण्णा, यात तुमचं काय आहे? दुसऱ्यानं एकदा वाजवून ठेवलंय, तेच तुम्ही परत वाजवता." नुकती चार पुस्तकं वाचली होती, स्वतःचं काही असण्याची फार घाई झाली होती. ते माउथपीस कापडानं पुसत होते. पुसत राहिले. मग म्हणाले, "तेच अवघड असतंय."

तो 'दुसरा' कोण होता, हा प्रश्न त्या दिवशी मला पडला नाही, त्यांनाही कधी पडला नव्हता. तबकडीवर गायकांची नावं असायची, संगीतकाराचं असायचं, चित्रपटाचं असायचं. वाजवणाऱ्याचं नाव छापण्याची रीतच नव्हती.

पुढं दूरदर्शनवर 'अलबेला' लागला. १९५१चा चित्रपट. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या भगवानदादांनी तो काढला, त्यात काम केलं आणि आपल्या त्या सैलसर, कमी हालचालीच्या नाचानं दोन पिढ्यांना वेड लावलं. 'शोला जो भडके' सुरू झालं की सगळ्यांचे डोळे भगवानदादा आणि गीता बालीवर असतात. त्या दिवशी आण्णा म्हणाले, "मागं बघ, मागं." मागं झालरींच्या बाह्यांचे क्युबन थाटाचे सदरे घातलेले वादक होते. ते नट नव्हते. वाद्य कसं धरलंय यावरून आण्णांनी ते क्षणात ओळखलं. वादकाचं सोंग घेतलेला माणूस बोटं हलवतो पण खांदे हलवत नाही, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं.

त्या वादकांचा म्होरक्या म्हणजे चिक चॉकलेट. हे नाव मला कळायला आणखी बरीच वर्षं जावी लागली. आणि कळल्यावर मात्र मी त्या माणसाला सोडलं नाही.

खरं नाव आंतोनियो शाव्हियेर वाझ. जन्म १९१६, गाव बार्देशातलं हळदोणे. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य. चर्चला जोडलेल्या शाळेत मुलाला अक्षरांबरोबरच सूर वाचायला शिकवत, कारण चर्चच्या गायनवृंदाला आणि व्हायोलिनला माणसं लागत. गावोगावचे मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, पोरांना सोल्फा, म्हणजे विलायती सारेगम, घोकायला लावत, वाद्य नंतर हातात देत. त्यामुळं एक विलक्षण गोष्ट झाली. शेतीत भागत नाही म्हणून मुंबई गाठणाऱ्या गोंयकाराच्या गाठोड्यात पाच रेघांचं नोटेशन वाचण्याची कला होती. आपल्याकडं मुंबईला जाताना कुणी गिरणीतल्या मामाचा पत्ता नेई, कुणी नुसती पाठीची ताकद. हे लोक धोबीतलावच्या किंवा माझगावच्या आपापल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, ट्रंक टेकवत, संध्याकाळी तिथंच तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत आणि रात्री काळा कोट घालून वाजवायला जात.

कुठं वाजवायला? याचं उत्तर शोधताना मला मुंबईचं एक निराळंच दालन उघडल्यासारखं झालं. १९३५च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये क्लॅरिनेटवाल्या बेनी गुडमनच्या बँडवर तरुण पोरं तुटून पडली आणि अमेरिकेत बिग बँडचं, म्हणजे नाचासाठी जॅझ वाजवणाऱ्या मोठ्या ताफ्यांचं, युग सुरू झालं असं मानतात. त्याच वर्षीच्या हिवाळी हंगामात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला अमेरिकन बँड घेऊन उतरला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ हा बुजुर्ग ट्रम्पेटवाला आला, टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. हा वेदरफोर्ड शिकागोत अर्स्किन टेटच्या बँडमध्ये होता आणि १९२६ साली त्याच बँडमध्ये जॅझचा जगप्रसिद्ध वादक लुई आर्मस्ट्राँग ट्रम्पेट वाजवत होता. ज्यानं आर्मस्ट्राँगच्या शेजारी बसून वाजवलं, तो माणूस अपोलो बंदरावर, समुद्राकडं तोंड केलेल्या हॉटेलात गोंयकार आणि पारशी पोरांना घेऊन बँड चालवत होता. पुढं तो कलकत्त्याला गेला आणि १९४५मध्ये तिथंच कॉलऱ्यानं वारला. जॅझ आपल्याकडं फक्त तबकड्यांतून आलं असं मला वाटायचं. ते माणसांतूनही आलं.

अमेरिकेत त्या काळात गोऱ्यांच्या हॉटेलात हे वादक वाजवू शकत, पण बऱ्याच ठिकाणी तिथं राहू शकत नसत. मुंबईत त्यांना मान मिळाला, घर मिळालं. त्यांच्याकडून शिकलेली पोरं थोड्याच वर्षांत स्वतःचे बँड काढू लागली. मिकी कोरिया १९३९ ते १९६० ताजचा बँड चालवत होते; एकवीस वर्षं एकाच जागी उभं राहून शहराला नाचवणं ही साधी गोष्ट नाही. कावस खटाव नावाचा पारशी सॅक्सोफोनवाला रुडी कॉटन या नावानं गाजला. सेबॅस्टियन डिसूझा लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवत होते. फाळणी झाली आणि ते मुंबईला आले. आणि चाळीसच्या दशकात 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' ग्रीन्स हॉटेलात वाजू लागले. ताजला लागूनच होतं ते ग्रीन्स. आज तिथं ताजचा उंच टॉवर उभा आहे.

डान्स बँडचा म्होरक्या म्हणजे नेमकं कोण, हे मला आधी कळत नव्हतं. मला वाटायचं, पुढं उभा राहून हात हलवणारा माणूस. तो आधी एक छोटा कारखानदार असतो. हॉटेलशी करार त्याचा, दहा-बारा जणांचा पगार त्याच्या शब्दावर, कोटांचं कापड त्यानं निवडायचं, कोण दारू पिऊन आला तर त्याच्या जागी ऐन वेळी कोण हे त्यानं ठरवायचं. प्रत्येक वाद्याचे निरनिराळे कागद असतात, त्यांचा गठ्ठा सांभाळायचा. पुढच्या रांगेत सॅक्सोफोन, त्यामागं ट्रॉम्बोन, त्यामागं ट्रम्पेट, बाजूला पियानो, डबल बास, गिटार, ड्रम्स. पितळी वाद्यांना मागं बसवतात, नाहीतर बाकीचं काही ऐकूच यायचं नाही. उन्हाळ्यात साहेबलोक डोंगरावर गेले की बँडही मसुरीसारख्या ठिकाणी जायचा. पावसाळ्याच्या तोंडाला परत.

आणि रात्री खरी परीक्षा. पहिल्या गाण्याला कुणीच उठत नाही. लोक सूप पीत असतात. तेव्हा ओळखीचा, संथ फॉक्सट्रॉट, म्हणजे ज्यांना नीट नाचता येत नाही त्यांचीही भीड चेपते. दोन जोडपी उठली की चौथ्या-पाचव्या गाण्याला लय चढवायची, मग एखादा रुंबा. फरशी भरली की दम खायला वाल्ट्झ. वयस्क जोडपी कुठल्या टेबलावर आहेत, नुकतं लग्न झालेलं कोण आहे, हे म्होरक्यानं ट्रम्पेट तोंडाला लावूनच पाहायचं. श्रोत्यांसाठी वाजवणारा त्यांच्या चेहऱ्याकडं बघतो. हा पायांकडं बघतो. पाय अडखळले तर लय आपली चुकली, त्यांची नव्हे. आण्णांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मंडपात पण तसंच." मागच्या रांगेतली पोरं खुर्च्या सरकवून उठायला लागली की त्यांचा अकॉर्डियनवाला मान हलवायचा आणि पुढचं गाणं बदलायचं.

नाचायला आलेल्या माणसाला नवं काही नको असतं. त्याला त्यानं ऐकलेलंच हवं असतं. लंडन-न्यूयॉर्कहून छापील अरेंजमेंट जहाजानं यायच्या आणि त्या तशाच वाजवायच्या. तिकडं आर्टी शॉ हा क्लॅरिनेटवाला याच मागणीनं हैराण झाला. १९३८मध्ये त्याची एक तबकडी तुफान गाजली आणि मग रोज रात्री तेच गाणं, तसंच वाजव. १९३९च्या नोव्हेंबरात तो न्यूयॉर्कच्या हॉटेलातून बँड सोडून सरळ मेक्सिकोला निघून गेला. त्याचं दुःख मला कळतं. पण तेव्हाच्या मुंबईत ज्यांच्या पाठीशी कुडीतली ट्रंक आणि गावाकडं मनीऑर्डर होती, त्यांना असं निघून जाता येत नव्हतं. ते रोज रात्री वाजवत राहिले, अगदी रेकॉर्डसारखं.

चिकची ख्याती 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' अशी होती. आर्मस्ट्राँगसारखा वाजवायचा, तशाच खरखरीत आवाजात गायचा, मंचावरचा वावरही त्याच्यावर बेतलेला. ही पदवी ऐकली की मला आधी थोडं वाईट वाटायचं. आयुष्यभर मेहनत करून माणसाला दुसऱ्याचं नाव मिळावं? मग आपल्याकडचं गाणं आठवलं. घराण्यात शिष्य वर्षानुवर्षं गुरूचा आवाज गळ्यात उतरवत बसतो, गुरूसारखा खोकतोसुद्धा, आणि आपण त्याला तालीम म्हणतो. चिकचा गुरू सात समुद्रापलीकडं होता. आर्मस्ट्राँग मुंबईत आला तो १९६४ साली. तोवर चिक वीस वर्षं त्याची तालीम घेऊन चुकला होता.

हॉटेलांचं ते जग फार टिकलं नाही. अमेरिकेत १९४६च्या डिसेंबरात काही आठवड्यांत आठ नामांकित बँड मोडले. आपल्याकडं इंग्रज गेले, संस्थानिकांची रया गेली आणि १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं उरलीसुरली रात्र लवकर संपू लागली. दारूबंदी बरी की वाईट, हा वाद इथं नको. पण ज्या फरशीवर पेला हातात घेऊन माणसं नाचत होती ती ओकी झाली आणि बँडवाल्यांनी दादरची, परळची, अंधेरीची वाट धरली. स्टुडिओत त्यांची वाट बघणारी माणसं होती.

त्यांतले एक सी. रामचंद्र. रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, चिकहून दोन वर्षांनी लहान. सिनेमाच्या दुनियेत त्यांनाही सगळे अण्णाच म्हणत. त्यांना बेनी गुडमनचं भारी वेड होतं. कानात स्विंग, म्हणजे गुडमनचं ते नाचरं जॅझ, वाजत होतं, हातात पेटी होती. पण पेटीवर चाल सांगणं निराळं आणि चौदा वाद्यांना निरनिराळे सूर लिहून देणं निराळं. आपलं संगीत एका रेषेत चालतं. एक सूर, त्याच्या मागं दुसरा. चिकसारखी माणसं एका सुराच्या वर-खाली आणखी तीन उभे करू शकत. चिक त्यांचा सहाय्यक झाला. 'समाधी'तलं 'गोरे गोरे', 'अलबेला'ची गाणी, पुढं १९५७च्या 'आशा'तलं 'ईना मीना डीका' ही त्या संगतीतून आलेली गाणी. 'ईना मीना'तलं 'माका नाका' रामचंद्रांच्या जॉन गोम्स या गोंयकार सहाय्यकाचं, असं सांगतात. 'मला नको' म्हणणारी ती कोकणी अख्ख्या हिंदुस्थाननं अर्थ न विचारता गायली.

स्टुडिओत एक माइक, दोन माइक, सगळे एकदम वाजवणार. एकाचा सूर हलला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. समोर नाचणारे पाय नाहीत, भिंतींवर गोणपाट. तरीही 'शोला जो भडके' ऐका. बाँगो सुरू होतो तेव्हा कुणीतरी समोर नाचतंय असंच वाटतं. रोज रात्री फरशी भरवण्याची सवय त्या हातांत मुरलेली होती. भगवानदादा नाचले ते नंतर, पडद्यावर. आधी हे लोक रिकाम्या खोलीत ती लय धरून बसले होते.

चिकनं स्वतःही चित्रपटांना संगीत दिलं. १९५१च्या 'नादान'मध्ये देव आनंद आणि मधुबाला होते. त्यातलं तलत महमूदचं 'आ तेरी तसवीर बना लूँ' मी लहानपणापासून ऐकत होते. ते चिक चॉकलेटचं आहे हे कळल्यावर मी रात्री उठून पुन्हा ऐकलं. त्यात धमाल नाही, खरखर नाही, आर्मस्ट्राँग तर कुठंच नाही. तलतच्या आवाजातला तो हलका कंप मोडू नये म्हणून सगळी वाद्यं पावलं न वाजवता चालल्यासारखी चालतात. ज्यानं आयुष्यभर पितळी वाद्य फुंकलं, त्याला इतकं हळू बोलता येत होतं. हे गाणं त्याला मोठ्या संगीतकारांच्या रांगेत नेऊन बसवायला पुरेसं होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. नेलं नाही. १९६७ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला.

आण्णांचा ऑर्केस्ट्रा नव्वदच्या आसपास थांबला. कीबोर्ड आला, एका माणसात बारा माणसं मावली. मग दात गेले आणि ट्रम्पेटही गेला. कवळीवर ओठ बसत नाहीत. गेल्या दिवाळीत मी मिरजेला गेले तेव्हा चांगले हेडफोन घेऊन गेले होते. त्यांच्या कानाला लावून 'दीवाना परवाना' लावलं. संपल्यावर म्हणाले, "त्या काळी एवढं स्वच्छ ऐकू आलं असतं तर अर्धी मेहनत वाचली असती." मग मी त्यांच्या वहीतला तो पीस काढला, पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेला, आणि वहीवर बोट ठेवत पुन्हा ऐकला. मला नोटेशन थोडंफार येतं, त्यांनीच शिकवलंय. सगळं बरोबर होतं, पण एका जागी अडखळले. रेकॉर्डवर एक लांब सूर सरळ पुढच्या ओळीत शिरतो. वहीत तो आधीच तुटतो, मध्ये एक छोटं वळण येतं आणि मग पुढची ओळ सुरू होते. माझ्या कानात लहानपणापासून हे वळणवालंच गाणं होतं. मला तेच खरं वाटत होतं.

"आण्णा, हे रेकॉर्डवर नाहीये."

त्यांनी चष्मा लावून वही जवळ घेतली. बराच वेळ बघितलं.

"तिथं माझा दम पुरायचा नाही," ते म्हणाले. "त्याचा पुरायचा. माझा नाही. लई प्रयत्न केला. मग मास्तर म्हणाले, श्वास घे, पण खड्डा दिसू देऊ नको. म्हणून ते घातलं."

"लोकांच्या लक्षात नाही आलं कधी?"

"निपाणीला एकजण म्हणाला होता. रेकॉर्डपेक्षा हे बरं वाटतंय म्हणाला." त्यांनी वही माझ्याकडं दिली. "त्याला गाण्यातलं कळत नसणार."

मी वही उजेडात धरली. त्या सुराच्या डोक्यावर, पाच रेघांच्या थोडं वर, पेन्सिलीनं केलेला एक स्वल्पविराम आहे. वादक श्वासाची जागा तशी लिहितात. तो पुष्कळ वेळा खोडून, थोडा मागं-पुढं सरकवून, शेवटी तिथं ठेवलेला आहे. खाली कागद घासून पातळ झालाय.

"परत लाव," आण्णा म्हणाले, आणि हेडफोनचा डावा कान त्यांनी स्वतःच नीट बसवला.